मिशिगनच्या एका पराभवामागची तीस वर्षं

१ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ अ‍ॅन आर्बरच्या आपल्याच मैदानावर, १,०९,२१८ प्रेक्षकांसमोर, अ‍ॅपालेशियन स्टेट विद्यापीठाकडून ३४-३२ असा हरला. मोसमाचा पहिलाच सामना होता आणि असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत मिशिगन पाचवं होतं. समोर आलेला संघ नॉर्थ कॅरोलायनातल्या बून या डोंगरातल्या छोट्या गावचा, तोही एक पायरी खालच्या गटातला. त्या गटातल्या संघाने क्रमवारीतल्या बड्या संघाला हरवणं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मिशिगन एका झटक्यात पहिल्या २५ मधून बाहेर फेकलं गेलं. खालच्या गटातल्या संघांनाही मतं देता यावीत म्हणून क्रमवारीचा नियम त्याच आठवड्यात बदलावा लागला.

चाहत्यांनी पहिल्या रात्री सामना शेवटून सुरुवातीकडे उलगडला. शेवटचे सहा सेकंद उरले असताना मिशिगनने ३७ यार्डांवरून फील्ड गोलचा, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण घेण्याचा, प्रयत्न केला आणि कोरी लिंचने ती किक अडवली. त्याआधी, दीड मिनिटाच्या आसपास बाकी असताना, आणखी एक किक अडवली गेली होती. त्याहीआधी एक हिशेब सलत होता. टचडाउनचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे, सहा गुण मिळाल्यावर किक मारून एक जादा गुण घेता येतो, किंवा चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेऊन दोन. मिशिगनने उत्तरार्धात दोनदा दोन गुणांचा डाव टाकला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलं. दोन्हीकडे साधी किक मारली असती तर ३२ चे ३४ झाले असते. सामना बरोबरीत, आणि मग जादा वेळ. मोसमभर मिशिगनच्या चाहत्यांच्या तोंडी हाच हिशेब होता. हिशेब बरोबर आहे, पण तो शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांचाच आहे. पूर्वार्धातच बूनची पोरं २८-१७ अशी पुढे कशी गेली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेत विद्यापीठीय फुटबॉलची सर्वोच्च श्रेणी १९७८ मध्ये दोन गटांत विभागली गेली. पैसा, मोठी मैदानं आणि टीव्ही वरच्या गटाकडे गेले. त्याआधी, १९७३ पासून, एका संघात किती खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येईल यावरही मर्यादा आली होती. आधी १०५, १९७८ मध्ये ९५, आणि १९९४ पर्यंत ८५. परिणाम दिसायला वेळ लागला, पण तो खोल होता. पूर्वी एखादं बडं विद्यापीठ आसपासच्या राज्यांतली सगळी चांगली मुलं उचलायचं. ती मुलं बाकावर बसून राहिली तरी निदान दुसऱ्या संघाकडून खेळत नव्हती. आता ती इतरत्र जाऊ लागली. खालच्या गटाची मर्यादा तेव्हा ६३ शिष्यवृत्त्यांची होती. ८५ विरुद्ध ६३ हे अंतर कागदावर मोठं वाटायचं, पण मैदानावर एका वेळी अकराच उतरतात. चांगले अकरा जमवणं छोट्या संघांना आता शक्य होतं. अ‍ॅपालेशियनचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) अर्मांटी एडवर्ड्स हे त्याचंच उदाहरण. चणीने लहान असल्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी क्वार्टरबॅक म्हणून त्याच्यात फारसा रस दाखवला नाही. त्या शनिवारी त्याने २३ पैकी १७ पास पूर्ण केले, तीन टचडाउन फेकले आणि एक स्वतः धावत जाऊन केला.

हा सामना ठरला कसा, यामागेही एक निर्णय आहे. २००६ पासून संघांना मोसमात अकराऐवजी बारा सामने खेळायची कायमची मुभा मिळाली. मोसमाअखेरच्या बोल सामन्याच्या पात्रतेसाठी खालच्या गटातल्या संघावरचा एक विजयही दरवर्षी धरला जाऊ लागला. मोठ्या विद्यापीठांना बारावा सामना घरच्याच मैदानावर हवा होता, कारण तिकिटांचं उत्पन्न तिथेच. मग छोट्या संघाला ठरावीक रक्कम देऊन बोलवायचं, हरवायचं आणि घरी पाठवायचं अशी रीतच पडून गेली. मिशिगनने अ‍ॅपालेशियनला यासाठी ४ लाख डॉलर दिले. पाहुणा निवडताना मात्र डोळे उघडे ठेवायला हवे होते. बूनच्या संघाने २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. तिसरं त्यांनी त्याच मोसमात पटकावलं. चाहत्यांनी या संघाला ‘कोण हे?’ म्हणून सोडून दिलं ते समजू शकतं, पण ज्यांचं कामच प्रतिस्पर्धी ओळखणं आहे त्यांना ही सूट देता येत नाही.

यातला सर्वांत मोलाचा धागा डावपेचांचा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ नावाचा तरुण कोच ‘स्प्रेड’ची एक नवी पद्धत बसवत होता. क्वार्टरबॅक त्याला चेंडू देणाऱ्या सेंटरपासून चार-पाच यार्ड मागे उभा, बाजूला एक धावपटू आणि बाकीचे खेळाडू मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत पांगलेले. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकने बचावफळीच्या टोकाच्या एकाच माणसाकडे पाहायचं. तो माणूस धावपटूवर झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून पळायचं, आणि तो थबकला तर चेंडू धावपटूच्या पोटाशी द्यायचा. म्हणजे त्या भल्यादांडग्या माणसाला कुणी हातही न लावता तो खेळातून बाद. ज्यांच्याकडे अंगापिंडाने मजबूत खेळाडू कमी आणि चपळ जास्त, त्यांच्यासाठी ही पद्धत वरदान ठरली. पुढे रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा कोच झाला. अ‍ॅपालेशियनचे ज्येष्ठ कोच जेरी मूर यांनी २००४ च्या सुमारास आपला जुना खेळ बाजूला ठेवला, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी धडे घेतले ते याच रॉड्रिगेझच्या चमूकडून. पासष्टीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आपली सगळी पद्धत बदलायला घ्यावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

मिशिगनची परंपरा नेमकी उलटी. १९६९ मध्ये कोच म्हणून आलेल्या बो शेंबेकलर यांनी पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटला २४-१२ असं हरवून पुढच्या चार दशकांचा सूर लावून दिला. शिस्त, ताकद, जमिनीवरून चेंडू रेटत नेणं. त्यांच्यानंतर गॅरी मोलर आणि मग १९९५ पासून लॉइड कार, दोघेही त्यांचेच सहायक. कार यांनी १९९७ मध्ये याच खेळावर नेब्रास्कासोबत विभागून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यामुळे पद्धत बदलायचं कारण कुणालाच दिसत नव्हतं.

पण धावणारा क्वार्टरबॅक समोर आला की मिशिगनची बचावफळी गोंधळते, हे चाहत्यांना आधीपासून दिसत होतं. १ जानेवारी २००५ च्या रोझ बोलमध्ये टेक्ससच्या व्हिन्स यंगने १९२ यार्ड धावून चार टचडाउन केले आणि मिशिगन ३८-३७ असं हरलं. ओहायो स्टेटच्या ट्रॉय स्मिथने २००४ ते २००६ अशी तीन वर्षं लागोपाठ तेच केलं. त्यातला २००६ चा सामना पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांत, ४२-३९ असा झाला. त्याच्या आदल्या दिवशी शेंबेकलर यांचं निधन झालं होतं. पुढे ला-मार वुडली, लिऑन हॉल, डेव्हिड हॅरिस आणि अ‍ॅलन ब्रँच हे बचावाचे चारही खांब एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. आक्रमणातले चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग एनएफएल पुढे ढकलून अखेरच्या वर्षासाठी थांबले, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर राहिलं. बूनच्या संघाविरुद्धच्या सामन्यात हार्ट दुखापतीमुळे बराच वेळ बाहेर होता, आणि परतल्यावर त्याने ५४ यार्डांची धाव घेऊन मिशिगनला ३२-३१ अशी आघाडीही मिळवून दिली. तरी पराभवाचं मूळ बचावात होतं. पुढच्याच शनिवारी ओरेगनच्या डेनिस डिक्सनने ते पुन्हा उघडं पाडलं, ३९-७.

अनेक चाहत्यांनी यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सामना होता बिग टेन नेटवर्कवर. हे चॅनल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते आणि मोठ्या केबल कंपन्यांशी त्याचा करार झालेला नव्हता. ज्यांनी सामना फक्त ऐकला त्यांच्या मनात शेवटची किकच राहणार. पुढचे कित्येक दिवस वाद किक आणि जादा गुणांभोवती फिरला, याचं एक कारण मला हेही वाटतं.

त्या हिवाळ्यात कार निवृत्त झाले. १ जानेवारी २००८ ला कॅपिटल वन बोलमध्ये, त्यांच्या शेवटच्या सामन्यात, मिशिगनने फ्लोरिडाला ४१-३५ असं हरवलं, तेही आपले खेळाडू मैदानभर पांगवून आणि हेनीला मनमोकळे पास फेकू देऊन. हेच सप्टेंबरात का केलं नाही, हा सवाल चाहत्यांनी तेव्हा केला आणि तो रास्तच होता. तोवर विद्यापीठाने नवा कोच नेमलाही होता, खुद्द रिच रॉड्रिगेझ. बूनच्या संघाने ज्याच्याकडून खेळ शिकला त्यालाच मिशिगनने आणलं. पण ताकदीच्या खेळासाठी निवडलेली मुलं एका उन्हाळ्यात चपळाईचा खेळ खेळू लागत नाहीत. २००८ मध्ये मिशिगन तीन सामने जिंकलं आणि नऊ हरलं. सलग ३३ वर्षं बोल सामना खेळण्याची परंपरा तिथेच तुटली. जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझची गच्छंती झाली, तेव्हा त्याच्या खात्यावर १५ विजय आणि २२ पराभव होते.