‘प्रोसेउखोमाइ’ म्हणजे इच्छांची देवघेव नव्हे

बायबलच्या नव्या करारात प्रार्थनेसाठी येणाऱ्या ‘प्रोसेउखोमाइ’ या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘इच्छांची देवघेव’, म्हणजे आपली इच्छा देवाला देऊन त्याची इच्छा स्वीकारणे, असा असल्याचे प्रवचनांतून वारंवार सांगितले जाते. भाषेचा पुरावा मात्र त्याला आधार देत नाही. ‘प्रोस’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘एउखोमाइ’ म्हणजे प्रार्थना करणे, नवस बोलणे, प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात तर अभिमानाने सांगणेही. देवघेव यांपैकी कशातच नाही. शिवाय शब्दाचा अर्थ त्याचे तुकडे जोडून नव्हे, तर वापरावरून ठरतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील इजिप्तच्या शिलालेखांत ‘प्रोसेउखे’ हे नाम यहुद्यांच्या प्रार्थनागृहासाठी आले आहे, आणि नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये 16:13 मध्ये फिलिप्पै शहराच्या वेशीबाहेर, नदीकाठी, प्रेषित पौल व त्याचे सोबती जी ‘प्रोसेउखे’ असेल असे समजून गेले, तिचाही अर्थ बहुतेक अभ्यासक प्रार्थनास्थळ असाच करतात. तिथे इच्छांची देवघेव हा अर्थ बसवताच येत नाही.

अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूने स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेपुढे नमवली, ही शिकवण खरी आणि फार मोलाची आहे. पण ती लूक 22:42 मधील त्याच्या स्पष्ट शब्दांत आहे, या क्रियापदाच्या पोटात दडलेली नाही.