धोलावीराच्या तळ्यांची खोली

प्राचीन संस्कृतींकडे काहीतरी गुप्त तंत्रज्ञान होतं आणि ते लोप पावलं, असं सांगणारे व्हिडिओ सतत फिरत असतात. ते पाहून वाईट वाटतं. त्या लोकांनी प्रत्यक्षात जे केलं ते शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजतं, आणि तेच जास्त थक्क करणारं आहे.

कच्छच्या रणातलं खदीर बेट घ्या. बारमाही नदी नाही, पाऊस तुटपुंजा आणि बेभरवशाचा. तिथे हडप्पा संस्कृतीचं धोलावीरा हजार वर्षांहून जास्त काळ नांदलं. १९९०पासून पुरातत्त्वज्ञ आर. एस. बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं आणि २०२१मध्ये ते जागतिक वारसा स्थळ ठरलं.

शहराच्या दोन बाजूंनी मनसर आणि मनहर हे पावसाळी ओढे वाहतात. त्यांवर बंधारे घालून पाण्याची पातळी उचलली आणि ते पाणी तटबंदीच्या आतल्या तळ्यांत वळवलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे जमीन सुमारे १३ मीटर उतरते. म्हणून तळी उतरत्या क्रमाने, मध्ये बांध घालून बांधली. (घराच्या जमिनीचा उतार पूर्वेला किंवा उत्तरेला नसेल तर अनर्थ होतो, असं वास्तुशास्त्राच्या नावाने सांगतात. इथे अख्खं शहर उलट्या उतारावर होतं आणि तोच उतार त्याला पाणी देत होता.)

मला सर्वांत आवडते ती तळ्यांची खोली. पूर्वेकडचं एक तळं सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटरहून खोल आहे. एवढं खणायचं कशाला? कारण बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं. समजा वर्षभरात उन्हाने दोन मीटर पाणी उडालं. तीन मीटर खोल तळ्यातलं दोन तृतीयांश पाणी गेलं. दहा मीटर खोल तळ्यातलं फक्त एक पंचमांश. साठा तेवढाच ठेवून खोली दुप्पट केली की उघडा पृष्ठभाग निम्मा होतो, आणि उडून जाणारं पाणीही जवळपास निम्मं. काही तळी तर थेट खडकात कोरलेली आहेत, त्यामुळे पाझरही कमी.

आपल्याकडची बरीच शेततळी जेमतेम तीन मीटर खोल आणि पसरट असतात. त्यात उपसलेलं भूजल भरून ते उन्हाळाभर उघडं ठेवणं म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी हवेला देणं. कठीण खडकात खोल खणायला खर्च येतो, हे मान्य. पण मग निदान ते तळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावं.

धोलावीराच्या बालेकिल्ल्याखाली दगडी गटारांचं जाळं सापडलं, तेही मुख्यतः पावसाच्या पाण्यासाठी. घरातलं सांडपाणी वेगळं, शोषखड्ड्यांत आणि जमिनीत पुरलेल्या रांजणांत जात असे. आपल्या कितीतरी गावांत ही दोन पाणी आजही एकाच नाल्यात मिसळतात.