किनोआ : घरगुती शिजवणी

किनोआ हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, मुख्यतः पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, हजारो वर्षांपासून पिकवले जाणारे बी आहे. धान्यासारखे वापरले जात असले तरी ते गवतवर्गीय नाही. राजगिरा, पालक आणि चाकवत यांच्या कुळातले ते असून चाकवताची आणि त्याची तर प्रजातीही (जीनस) एकच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष म्हणून साजरे केले.

नाशिकच्या स्वयंपाकघरात या नवख्या दाण्याची तुलना साहजिकच भगरीशी होते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर वरई पिकते, नाशिक परिसरातील गिरण्यांमध्ये तिची भगर होते आणि ती शिजवण्याचा हात इथे घरोघरी आहे. मात्र किनोआ भगरीच्या अंदाजाने शिजवला की हमखास बिघडतो, कारण भगर भरपूर पाणी पिऊन मिळून येते, तर किनोआचा दाणा मोकळा राहण्यातच त्याची चव आहे.

सर्वांत महत्त्वाची पायरी धुण्याची. दाण्यावर सॅपोनिन या कडू द्रव्याचा थर असतो. पाण्यात दाणे चोळताच रिठ्यासारखा फेस येतो, आणि रिठ्यातही हेच द्रव्य असते. तीन-चार पाण्यांनी, फेस पूर्ण थांबेपर्यंत धुवावे. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा असल्याने तांदळाच्या रोळीतून तो निसटतो, म्हणून चहाची बारीक गाळणी किंवा सुती फडके घ्यावे. धुतलेला एक दाणा चावून पाहावा. जिभेवर कडवटपणा रेंगाळला तर आणखी एकदा धुवावे. पाकिटावर ‘धुतलेला’ असे छापलेले असले तरीही ही पायरी टाळू नये.

निथळलेले दाणे चमचाभर तुपावर खमंग वास सुटेपर्यंत परतावेत, एका वाटीला दोन वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळी आणावी व झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे पंधरा मिनिटे शिजवावे. दाणा पारदर्शक होऊन त्याच्या कडेचा पांढरा अंकुर शेपटीसारखा सुटला की तो शिजला असे समजावे. गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे झाकण उघडू नये. उरलेली वाफ याच वेळात मुरते. मग काट्याने हलकेच मोकळे करावे, डाव फिरवू नये. एका वाटीचा साधारण तीन वाट्या किनोआ होतो.

कांदा, मटार आणि कढीपत्त्याच्या फोडणीवर त्याचा उपमा उत्तम होतो. काळा मसाला घालून मसालेभातासारखाही करता येतो, मात्र मसाला नेहमीच्या निम्माच घालावा, नाहीतर किनोआची स्वतःची अक्रोडासारखी चव हरवते. द्राक्षांच्या हंगामात गार किनोआत अर्धी चिरलेली हिरवी द्राक्षे, काकडी, लिंबू आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घालून केलेली कोशिंबीर विशेष चांगली लागते. ग्लुटेन नसल्याने गहू वर्ज्य असलेल्यांना तो चालतो. उपवासाला चालतो की नाही, याबाबत मात्र घराघरांत मतभेद आहेत.