पाच लाखांचं कार्ड आणि आरोग्यसेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

"आता महाराष्ट्रात सगळ्यांनाच पाच लाखांचं कव्हर आहे, म्हणजे युनिव्हर्सल हेल्थकेअर, सार्वत्रिक आरोग्यसेवा आलीच की आपल्याकडे." हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय आणि परवा तर एका डॉक्टरच्या तोंडून ऐकलं, म्हणून आता लिहूनच काढते. याच्या विरुद्ध बाजूची माणसं पण तितकीच गोंधळलेली असतात, त्यांचं म्हणणं सरकारी योजना एकीकडे आणि प्रायव्हेट मेडिक्लेम दुसरीकडे, यातलं एक निवडा, आणि मग दोघं तासभर भांडतात. अहो पण हे पाच लाख देणारी सरकारी महात्मा फुले योजना आणि तुमचा मेडिक्लेम हे एकाच घरातले आहेत! दोन्हीत तुम्ही अ‍ॅडमिट होता आणि बिल दुसरं कोणीतरी भरतं. एकात हप्ता तुम्ही भरता, दुसऱ्यात सरकार पैसे घालतं. सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणतात ती या दोघांपेक्षा वेगळी.

मेडिक्लेम तुम्हाला माहितीये त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला, नंतर प्रायव्हेट कंपन्या आल्या. वय वाढलं की प्रीमियम वाढतो, आधीपासूनचा आजार असेल तर वेटिंग पिरियड (२०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं, आधी चार होती), पॉलिसीत बसत नाही अशी महाग रूम घेतली तर बऱ्याच पॉलिसीत नुसतं रूमचं भाडं नाही, बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) अप्रूवलची वाट बघत संध्याकाळ होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढला, ते चांगलं झालं. कंपनी तुमची जोखीम मोजून पैसे घेते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता सरकारी योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि २०२३ च्या जीआरने दीड लाखाचे पाच लाख करून पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्या कुटुंबांना आत घेतलं, ते प्रत्यक्षात लागू झालं २०२४ च्या जुलैपासून. हे छोटं काम नाही हं. अँजिओप्लास्टीसाठी शेत विकलेली माणसं मी लहानपणी आमच्या गावात पाहिलीयेत, त्यामुळे या योजनेला नावं ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो.

पण "सगळ्यांना" म्हणजे "सगळं" नव्हे. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे आणि नेमकं हेच कोणी ऐकून घेत नाही. कुठल्याही देशात आरोग्यसेवा सार्वत्रिक आहे का हे बघायचं तर तीन प्रश्न विचारायचे असतात, जागतिक आरोग्य संघटनाही याच तीन बाजूंनी मोजते: कोणाकोणाला मिळतं, कशाकशासाठी मिळतं, आणि तरीही खिशातून किती जातं. महाराष्ट्राने पहिल्याचं उत्तर "सगळ्यांना" असं दिलं, आणि लोक तिथेच टाळ्या वाजवून थांबले.

दुसरा प्रश्न विचारून बघा. योजनेत उपचारांची यादी असते, २०२३ च्या जीआरमध्ये ती १३५६ ची होती. यादीत बायपास आहे, कॅन्सर आहे, डायलिसिस आहे, किडनी ट्रान्सप्लांटला तर मर्यादा वाढवून साडेचार लाख केलीये. पण महिनाभर न जाणारा खोकला, कंबरदुखी, थायरॉइडची तपासणी, शुगरची रोजची गोळी, म्हातारपणी वाढत जाणारं बीपी, म्हणजे ज्यासाठी माणूस वर्षातून दहा वेळा डॉक्टरकडे जातो ते जवळजवळ सगळंच या यादीबाहेर. योजनेचं दार उघडतं ते अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली की, त्याच्या आधी नाही.

माझ्या मावशीचं सांगते. केशरी कार्ड, शेतमजुरी, पंधरा वर्षांची शुगर. पैसे असले की गोळ्या, नसले की नाही. गावापासून नऊ किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळायला हव्यात आणि कधी कधी मिळायच्याही, पण तपासायची पट्टी नसायची, डॉक्टर कधी असायचे कधी नसायचे, आणि एका खेपेला तिची मजुरी बुडायची, म्हणून तिने जाणंच सोडलं. किडन्या गेल्या तेव्हा मात्र योजना आली धावून. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या माणसाने, कागद बघितले, अंगठा घेतला, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, एक रुपया लागत नाही. मला त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण किडनी टिकवायला जो महिन्याचा थोडासा खर्च होता तो कार्डात बसत नव्हता आणि किडनी गेल्यावर लाखांचा खर्च बसला. हा फरक कागदावरचा नाहीये, तो तिच्या हातावर सुया टोचून टोचून उठलेल्या गाठींमध्ये दिसतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यात आहे. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. उतरलाय, चांगलंच उतरलाय. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून माणूस स्वतः काढून देतोय, आणि त्यातले पुष्कळसे औषधांवर आणि ओपीडीत जातात, जिथे कार्ड चालतच नाही.

मोजायची पद्धत बघितली तरी विमा आणि सेवा या दोन्हीतला फरक कळतो. विम्यात मोजतात कार्डं किती काढली, क्लेम किती मंजूर झाले. सेवेत मोजतात किती माणसांमागे एक केंद्र. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सांगणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने सुरुवातीला चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र मागितलं होतं, आजचा निकष सपाट भागात तीस हजारांमागे एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक असा आहे. त्यात कुठे कार्ड आहे का? नाही. तिथे नर्स लागते, फ्रीज लागतो, रस्ता लागतो. कार्ड छापून डॉक्टर तयार होत नाही, आणि ज्या तालुक्यात योजनेतलं एकही हॉस्पिटल नाही तिथल्या माणसाला पाच लाख असून गाडीभाडं स्वतःच भरावं लागतं.

गोव्यातली माणसं हे चटकन समजतात असा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहेच, पण त्यांना विचारा मोठं दुखणं आलं तर कुठे, ते म्हणतात बांबोळीला. कार्ड घरी राहिलं तरी बांबोळीचं जीएमसी, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जागेवर असतं.

आता यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो बरोबर आहे: जर्मनीत तर विमाच आहे, मग तिथे सार्वत्रिक कसं? आहे ना. तिथला चान्सलर बिस्मार्क याने १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा सुरू केला, आज जवळजवळ नव्वद टक्के लोक त्या सार्वजनिक विम्यात आहेत. पण तो विमा बघा कसा चालतो. वर्गणी पगाराच्या टक्क्यांत, मूळ दर १४.६ टक्के, अर्धा मालक भरतो आणि अर्धा कामगार, तुम्हाला शुगर आहे म्हणून एक पैसा जास्त नाही, आणि विमा चालवणारा फंड तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. शिवाय तो पहिल्या खोकल्यापासून डॉक्टरचे पैसे देतो, औषधाला थोडीशी रक्कम तुमची. म्हणजे विमा हा शब्द वाईट नाहीये. तो विमा दवाखान्याच्या पायरीपासून सुरू होतो की आयसीयूच्या दारापासून, हे विचारा. इंग्लंडने १९४८ मध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा काढून विमाच बाजूला ठेवला आणि करातून थेट हॉस्पिटलं चालवली, तिथे आता ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने रांग असते हे खरंय, पण रांगेतल्या माणसाला बिलाची भीती नसते.

आणि कृपा करून "फुकट" म्हणू नका. माझी मावशी साबणावर, मोबाईल रिचार्जवर जीएसटी देतच होती, तिचं डायलिसिस कोणी दान केलेलं नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, कुठे कार्ड लागतं, कुठे ओटीपी, कुठे अंगठा, त्यावर वाद घालायची गरज नाही. मेडिक्लेम बंद करावा का असं विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे, परवडत असेल तर चालू ठेवा, कारण योजना फक्त नोंदणी झालेल्या हॉस्पिटलात आणि ठरलेल्या पॅकेजवर चालते. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, प्रायव्हेट पॉलिसी असली तरी मिळतं, फक्त सीजीएचएससारख्या (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या) सरकारी आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हीतलं एक निवडावं लागतं. आणि आमदार-सरपंच दारात आले की कार्डाबद्दल विचारू नका, ते सांगायला त्यांना आवडतंच, तुमच्या आरोग्य केंद्रात या महिन्यात बीपीच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या ते विचारा.

मावशीकडे गेले की मी आधी त्या नऊ किलोमीटरवरच्या केंद्रात जाऊन येते आणि शुगर तपासायची पट्टी आहे का विचारते, आता मावशीसाठी नाही, तिच्या सुनेला गेल्या वर्षी शुगर निघालीये तिच्यासाठी. दिवाळीत गेले तेव्हा होती.