मूल बोलत नाही, म्हणून आईला बोल

नागपुरात मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर घरात पहिली चौकशी होते ती आईची. गरोदरपणी काय खाल्लं? नोकरीवर कधी रुजू झाली? मोबाइल कोणी दिला? सासू म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला." शेजारीण ताजबागच्या दर्ग्यात नेऊन आण म्हणते. मेडिकलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत नंबर लागेपर्यंत बराच काळ हातचा निघून गेलेला असतो. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असलं की आईवर येणारा हा आळ मात्र आपल्या सासवांनी शोधलेला नाही. एके काळी तो नावाजलेल्या तज्ज्ञांनीच घेतला होता.

१९४३ साली बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. स्वमग्नतेची वेगळी ओळख तिथून रुजली. यातल्या पहिल्या मुलाचे वडील वकील होते. भेटीआधीच त्यांनी कॅनरना टाइप केलेलं ३३ पानी पत्र धाडलं होतं. मुलगा एकटाच खूश असतो, भांडी-ठोकळे गरगर फिरवत बसतो, प्रार्थना घडाघडा म्हणतो पण हाकेला ओ देत नाही, असं सगळं त्यात होतं. कॅनर यांच्या लेखात या पत्रातले उतारेच्या उतारे आहेत. म्हणजे या विषयातलं पहिलं बारकाईचं टिपण एका बापाचं, आणि तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं आईबापच आरोपी!

ही अवस्था जन्मजात असावी, असं कॅनर यांनीच लिहिलं होतं. पण हे पालक फारसे प्रेमळ वाटत नाहीत, असाही शेरा त्यांनी मारला, आणि लोकांनी तोच उचलला. थंड आईमुळे मूल मिटून जातं, हे मत रूढ झालं. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम तर मुलांना घरापासून तोडूनच ठेवत. १९६७च्या त्यांच्या पुस्तकाने हा समज घरोघरी नेला.

तोवर उत्तर येऊन गेलं होतं. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच कारण मेंदूच्या जडणघडणीत असल्याचं मांडलं. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास आला. एकसारख्या (सारखीच जनुकं असलेल्या) जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती, वेगळ्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नव्हती. आनुवंशिकतेचा भाग उघड झाला. (१९९८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाच्या (एमएमआर) लसीवर आलेला आळही खोटा ठरला, तो मांडणारा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला. व्हॉट्सअॅपवर तो अजून फिरतोच.)

भारतात कायद्यालाच हे मूल उशिरा दिसलं. १९९५च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हती, त्यामुळे कित्येकांना 'मतिमंद' अशा शिक्क्याच्या दाखल्यावर भागवावं लागलं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ती स्वतंत्रपणे मोजली गेली. आता दाखल्यासाठी इसा (ISAA) ही स्वमग्नता मोजण्याची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत: नजरेला नजर देतो का, तेच तेच शब्द घोकतो का, दुखलं तरी रडत नाही का. तपासणारा मुलाला न्याहाळतो आणि एकेक मुद्दा पालकांना विचारत जातो. बहुतेक वेळा उत्तरं आईच देते.