नहरींचं शहर, पुनर्विकासाचा उतार

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. खाली काळा पाषाण, पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. मुरमाच्या थरात जिरेल तेवढंच पाणी हाती लागायचं. म्हणून उत्तरेच्या डोंगरपायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरींतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. वाटेत जागोजागी मॅनहोल: हवा खेळायची आणि गाळ काढायला माणूस उतरायचा. पुढे खापरी नळ. दाबाने ते फुटू नयेत म्हणून मध्ये उंच बंबे, म्हणजे दाब सोडणारे मनोरे, बांधले.

अठराव्या शतकातल्या पाणचक्कीत ही हुशारी आजही डोळ्यांनी दिसते. पाणी भिंतीतल्या नळातून वर चढतं, धारेने खाली पडून चक्की फिरवतं, मग हौदात साठतं. त्याच हौदाचा तळ खालच्या दालनाचं छत आहे, म्हणून उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो.

1976 मध्ये गोदावरीवर जायकवाडी धरण झालं आणि हा उतारच उलटा झाला. त्याचा जलाशय, नाथसागर, शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर खाली. तिथून पाणी विजेवर वर चढवायचं. इकडे नहरींकडे पाठ फिरली. मॅनहोल भरावाखाली गेले, पायथ्याच्या बोअरनी झरे ओढून घेतले, खापरी नळांच्या सांध्यांत मुळं शिरली. ज्या खाम नदीकाठी पाणचक्की उभी आहे, तिच्यात सांडपाणी आलं. ती नदी पुढे गोदावरीलाच मिळते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जुनी इमारत पाडून नवी बांधताना आधी पाणी कुठून कुठे जातं ते पाहावं. शंभर चौरस मीटर गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस टक्के वाया धरूनही 56 हजार लिटर हाती येतं. ते जमिनीत मुरवणारा शोषखड्डा मात्र मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळ्या मातीतच थांबवला तर ओली माती फुगते, पाणी वरच तुंबतं. तळाला दगडगोटे, त्यावर खडी, वर वाळू. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडावं आणि दर उन्हाळ्यात वाळूचा वरचा थर बदलावा. हे न केल्यास खड्डे बुजतात.

नाल्यांचंही तसंच. तळाला काँक्रीट केलं की झिरपणं थांबतं आणि पूर खालच्या वस्तीत वेगाने जातो. आधी सांडपाणी वेगळं वळवावं, मग काठ दगडी पिचिंगने, म्हणजे दगड रचून, सावरावेत, तळ उघडा ठेवावा. झाडं जरूर लावावीत, पण नहरीच्या रेषेवर वड-पिंपळ नकोत. त्यांची मुळं ओलाव्यामागे नेमकी नळाच्या सांध्यात शिरतात.