गणिताचा अभ्यासक्रम : नववी ते बारावी (महाराष्ट्र)

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत नववी ते बारावी या चार वर्षांत ज्या टप्प्यांनी गणित शिकवले जाते, तो क्रम. नववी-दहावीत गणित सक्तीचे असते आणि सर्वांना एकच. अकरावीपासून ते ऐच्छिक होते व त्याला दोन फाटे फुटतात : कला आणि विज्ञान शाखांचे ‘गणित व संख्याशास्त्र’ (विषय क्रमांक ४०) आणि वाणिज्य शाखेचे त्याच नावाचे, पण वेगळे गणित (विषय क्रमांक ८८). अमेरिकेतल्या शाळांत आधी बीजगणित, मग भूमिती, मग पुन्हा वरचे बीजगणित असे एकेका वर्षाचे विषय ओळीने घेण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात, शेजारी शेजारी चालतात. विद्यार्थ्याला निवड करायची वेळ एकदाच येते, दहावीच्या निकालानंतर.

मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ ची. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला असे. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. पुढे बरीच वर्षे दहावीचे गणित १५० गुणांचे होते : बीजगणित ७५, भूमिती ७५. आता ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा असतात, प्रत्येकी दोन तासांची, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. बालभारतीची सध्याची पुस्तके नववीला २०१७ मध्ये आणि दहावीला २०१८ मध्ये आली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. पुस्तकांवर ‘गणित भाग १’ आणि ‘गणित भाग २’ असे छापलेले असते. घरात मात्र अजूनही ‘आज बीजगणिताचा पेपर’, ‘परवा भूमितीचा’ असेच म्हणतात. क्लासवाले ‘मॅथ्स वन’, ‘मॅथ्स टू’ म्हणतात.

भाग १ मध्ये नववीला संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन आणि सांख्यिकी हे घटक येतात. दहावीत रेषीय समीकरणे पुन्हा भेटतात, शिवाय वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी. यातला अर्थनियोजन हा धडा वेगळा उठून दिसतो. नववीत त्यात बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर आहे, दहावीत वस्तू व सेवा कर आणि शेअर. हा कर देशात जुलै २०१७ मध्ये लागू झाला आणि पुढच्याच वर्षी दहावीच्या पुस्तकात आला. पाठ्यपुस्तके इतकी चपळ क्वचितच असतात. दहा हजार रुपये करपात्र किमतीच्या वस्तूवर १८ टक्के दराने राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९०० धरून बिल ११,८०० रुपयांचे होते. गणित म्हणून यात टक्केवारीपलीकडे काही नाही, पण घरात दुकान असलेल्या मुलाला हा धडा शिकवावा लागत नाही.

भाग २ म्हणजे भूमिती. नववीत समांतर रेषा, त्रिकोण व त्यांच्या रचना, चौकोन आणि वर्तुळ येतात, शेवटी निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि पृष्ठफळ-घनफळ. दहावीत समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. मराठी माध्यमातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसलेले ‘बाकोबा’, ‘कोबाको’, ‘कर्णभुजा’ हे शब्द इथलेच. त्रिकोण एकरूप असल्याच्या या कसोट्या. सिद्धता लिहिण्याचा साचाही ठरलेला : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायदर्शनातल्या अनुमानाचे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या नेहमीच्या उदाहरणात पर्वत हा पक्ष आणि अग्नी हे साध्य. शाळेच्या वहीत पक्षाचा अर्थ बदलून ‘दिलेली माहिती’ असा झाला, साध्य मात्र जागेवर राहिले.

दहावीतले प्रमाणाचे मूलभूत प्रमेय या साच्याचा चांगला नमुना आहे. पक्ष : त्रिकोण अबक मध्ये एक रेषा बाजू बक ला समांतर आहे आणि ती अब ला प मध्ये, अक ला फ मध्ये छेदते. साध्य : अप आणि पब यांचे गुणोत्तर अफ आणि फक यांच्या गुणोत्तराएवढे आहे. रचना : रेख पक आणि रेख बफ काढा. आता त्रिकोण अपफ आणि त्रिकोण पबफ यांची उंची समान, म्हणून त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढे, म्हणजे अप भागिले पब. दुसऱ्या बाजूलाही तसेच. उरले पबफ आणि पफक हे दोन त्रिकोण : दोघांचा पाया पफ, दोघेही त्याच समांतर रेषांमध्ये, म्हणून क्षेत्रफळे सारखी. संपले. लांबीबद्दलचा प्रश्न क्षेत्रफळाच्या आडवाटेने सुटतो, ही यातली गंमत. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचे असते. अनेक मुले प्रमेय पाठ करतात ते या कंसांसकट.

एकच गणित सर्वांना झेपत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर उपायही झाले. मधली काही वर्षे बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेता येत असे. ते घेतल्यावर विज्ञान शाखेचे दार बंद. २०१७-१८ मध्ये नवी पुस्तके आली तेव्हा हा पर्याय गेला. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, दहावीला गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा केली होती. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळवणाऱ्यांना गुणपत्रिकेवर शेरा देऊन पुढे जाऊ देण्याचा प्रस्ताव होता; पुढे गणित-विज्ञान घ्यायचे नाही, हा त्या शेऱ्याचा अर्थ. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) वेगळी वाट काढली : २०२० च्या परीक्षेपासून दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम तोच, काठिण्य कमी-जास्त. राज्य मंडळात आज गणितापुरता असा जिना नाही. आहे ती एटीकेटी, म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत जाण्याची मुभा, आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला ठेवण्याची सोय. पुष्कळांचा तो विषय गणितच असतो.

अकरावीत क्रम तुटतो, आणि तो दोन ठिकाणी तुटतो. पहिली तूट भाषेची. विज्ञान शाखेचे अध्यापन आणि परीक्षा बहुतांशी इंग्रजीतच असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला ओळखीच्या गोष्टी नव्या नावांनी भेटतात. वर्तुळाची स्पर्शिका आता ‘टँजंट’ होते, आणि त्रिकोणमितीतला ‘टॅन’ही ‘टँजंट’च. मराठीत हे दोन वेगळे शब्द होते, इंग्रजीत एकच; फळ्यावर कोणता चालला आहे हे पहिले काही आठवडे संदर्भाने ओळखावे लागते. सेमी इंग्रजीच्या मुलांना ही अडचण कमी. त्यांच्या वर्गात आधीपासूनच ‘हे दोन अँगल इक्वल आहेत, कारण ते अल्टरनेट अँगल्स आहेत’ अशी मिश्र बोली चालते. व्याकरण मराठी आणि नामे इंग्रजी, असा हा प्रकार शुद्धतावाद्यांना खटकतो, पण तोच पुलाचे काम करतो.

दुसरी तूट आशयाची. प्रमेय आणि सिद्धतेची भूमिती दहावीतच थांबते. अकरावीची भूमिती समीकरणांची : सरळ रेषा, वर्तुळ, शांकव. कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजू लागतात आणि काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची गुणोत्तरे असलेली त्रिकोणमिती फलांची होते. याखेरीज निश्चयक व सारणी, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, गणिती विगमन व द्विपद प्रमेय, मर्यादा, सातत्य आणि सर्वांत शेवटी विकलनाची तोंडओळख. कलनाला (कॅल्क्युलस) सुरुवात होते ती इतक्या उशिरा, तीही वर्ष संपत आले असताना, म्हणून अनेक महाविद्यालयांत हा शेवटचा भाग घाईत उरकला जातो. त्यात अकरावीची परीक्षा महाविद्यालयानेच घ्यायची असल्यामुळे ते आरामाचे वर्ष मानण्याची रीत पडली आहे. त्याची किंमत बारावीत मोजावी लागते.

बारावीच्या पहिल्या भागात गणितीय तर्कशास्त्र, सारणी, त्रिकोणमितीय फले, रेषांची जोडी, सदिश, रेषा व प्रतल आणि रेषीय प्रायोजन येते. दुसरा भाग जवळजवळ सगळा कलनाचा आहे : विकलन व त्याचे उपयोग, अनिश्चित आणि निश्चित संकलन, विकलक समीकरणे, शेवटी संभाव्यता वितरणे. ८० गुणांची तीन तासांची लेखी परीक्षा आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीत हेच गणित वेगळ्या चालीने विचारतात : ९० मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी २ गुण, सुमारे एक पंचमांश अकरावीवर. एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. पायऱ्या नीट मांडण्याची जी सवय दहावीच्या सिद्धतेने लावली, ती इथे आडवीच येते.

विज्ञान शाखेतली निवड बोलण्यात तीन अक्षरांची : पीसीएम की पीसीबी, म्हणजे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या जोडीला गणित की जीवशास्त्र. वैद्यकीय वाटेवरचा विद्यार्थी गणित ‘ड्रॉप’ करू शकतो. दोन्ही दारे उघडी ठेवणारे चारही विषय घेतात. कला शाखेतही विषय क्रमांक ४० घेता येतो, पण घेणारे विरळा.

वाणिज्य शाखेत प्रश्न असतो ‘मॅथ्स की एस. पी.?’ एस. पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. वाणिज्याचे गणित विज्ञानाच्या गणिताची सोपी आवृत्ती आहे, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सारणी, विकलन, संकलन इथेही असतात, हलक्या मात्रेत. बारावीचा दुसरा भाग मात्र या शाखेचा स्वतःचा : दलाली व सूट, विमा आणि वार्षिकी, रेषीय समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक, नियत-कार्य समस्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यातले बरेचसे शाळेत कधीच भेटत नाही.

या क्रमाबाहेर गणित ऑलिंपियाड या स्पर्धा परीक्षांची वाट आहे. तिचे देशपातळीवरचे काम मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. पुण्यात प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात शाळकरी मुलांना या गणिताचे मार्गदर्शन मिळत आले आहे. या परीक्षांत कलन लागत नाही. संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), असमानता आणि चयनशास्त्र (कॉम्बिनेटोरिक्स) यांच्या जोडीला तिथे भूमितीच असते, पक्ष-साध्याची, अकरावीत मागे राहिलेली.